वांगं हिरवं, म्हणजे किडकं नव्हे

श्रोतेहो, वाचा-भाषा चिकित्सा हा विषय मी मुंबईत शिकवला, त्यातच संशोधन केलं. त्या सगळ्याविषयी बोला, असं मला सांगितलंय. पण वेळ थोडा आहे आणि मी खानदेशातल्या वरणगावची आहे, तेव्हा एकच गोष्ट धरून बसणार: बोली म्हणजे दोष नव्हे.

एक आई आपल्याकडच्याच गावातून मुलाला घेऊन आली होती. हातात शाळेची चिठ्ठी, ‘उच्चार सदोष’. मी चित्रं मांडली. डोळा दाखवला, तो म्हणाला ‘डोया’. फळा दाखवला, ‘फया’. तक्त्याप्रमाणे गुण दिले असते तर फुल्याच फुल्या. मी आईला विचारलं, घरी कसा बोलतो? ती म्हणाली, “घरी त लय बोलतो, शायेत गप बसतो.” घ्या! लेवा गणबोलीत काय, अहिराणीत काय, ‘ळ’चा ‘य’ होतोच. पोरानं आईची भाषा चोख उचलली होती. आम्ही तिथं दुरुस्त काय करणार?

बामणोदचं भरताचं वांगं तुम्हाला ठाऊक आहे. हिरवट, पांढऱ्या रेघांचं, चांगलं थोराड. ज्यानं जन्मभर जांभळंच वांगं पाहिलं तो म्हणेल, हे कच्चं दिसतंय, टाकून द्या. त्याला काय सांगाल? रंग बघू नको बाबा, भोक बघ. भोक असलं तर कीड आत आहे, मग साल जांभळी असो की हिरवी. आणि भोक नसलं तर मुकाट्यानं काड्यांवर भाजायला घे! आमच्या चाचण्यांचं हेच होतं. जांभळ्या वांग्यांवर बेतलेली चाचणी हिरव्याला नापास करते.

हे फक्त खानदेशाचं रडगाणं नाही. अमेरिकेत काळ्या मुलांच्या इंग्रजीला असंच ‘बिघाड’ ठरवत. १९६८मध्ये डेन्व्हरला वाचातज्ज्ञांच्या संघटनेच्या अधिवेशनात काळ्या तज्ज्ञांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. त्यांत ऑर्लंडो टेलर हे प्राध्यापक पुढे होते. नंतर हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी हाच धागा धरला. इंग्रजीची कोणतीही बोली हा विकार नाही, हे त्या संघटनेनं अधिकृतपणे मांडायला १९८३ उजाडलं. त्याच वर्षी ९ ऑगस्टला श्रवणदोषांवर काम करणारी वांद्र्याची अली यावर जंग संस्था सुरू झाली. म्हणजे आपल्याकडे संस्था उभी राहत होती तेव्हा हा धडा ताजा होता. तो शाळेच्या चिठ्ठीपर्यंत अजून पोचायचाय.

आता भोक कसं ओळखायचं? चार वर्षांचं मूल काकाला ‘ताता’ आणि गाडीला ‘दाडी’ म्हणत असेल, तर ते कुठल्याच बोलीत बसत नाही. दोन वर्षं उलटली तरी घरच्या बोलीतले दोन शब्दही जोडत नाही, मागून हाक मारली तर वळत नाही, तीन वर्षांचं झालं तरी आजीला त्याचं निम्मं बोलणं कळत नाही... तर दाखवा. आजी ही आपली खरी चाचणी! ती समजूतदार असली तर, हे आलंच. नाहीतर तीच म्हणते, “बोलेल हो, याचा बापही उशिराच बोलला.” अशानं वर्षं जातात. ऐकू येत नसेल तर ते पहिल्या महिन्यातच तपासता येतं, आणि सहाव्या महिन्याच्या आत उपाय सुरू व्हावेत अशी शिफारस आहे. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येतात. भाषा उशिरा येणं त्यांच्या यादीत आहे. त्या दिवशी मुलाला शेतात नेऊ नका.

पुन्हा सांगते, कारण मधूनच रेडिओ लावणारे असतात: ‘शाया’ म्हणतो म्हणून नव्हे, ‘ताता’ म्हणतो म्हणून आणा. गुरुजींनो, बाईंनो, तुम्हालाही सांगतेय. वर्गात ‘शाळा’ शिकवा, जरूर शिकवा, पण ‘शाया’ला हसू नका. हसलात की पोर गप्प होतं, आणि गप्प मुलाची तपासणी आम्ही करायची कशी?

बोलीसारखंच दोन भाषांच्या घरांचं. आमच्या वरणगावात १९६४ला ऑर्डनन्स फॅक्टरी आली, तिच्यामागे परप्रांतातली कुटुंबं आली. घरात एक भाषा, अंगणात दुसरी. अशा आयांना कुणीतरी सांगतं, घरची भाषा बंद करा, मूल गोंधळतं. अजिबात बंद करू नका. दोन भाषांनी मूल मुकं होत नाही. यावर खरं तर मला... काचेपलीकडून हात दाखवताहेत. फॅक्टरीतल्या आवाजाचं आणि कामगारांच्या कानांचं तर राहूनच गेलं. निदान यंत्रापाशी कान झाकायचं साधन लावत जा, खिशात ठेवू नका.