चावणाऱ्या मुलाची भूक

(पालक मेळाव्यातील भाषण)



मी वैद्य नाही. चाळीस वर्षे कापड विकणारा व्यापारी आहे. परंतु आजोबा म्हणून घडलेली एक चूक आज आपणांसमोर कबूल करावयाची आहे.

माझा सात वर्षांचा नातू सदऱ्याची कॉलर, पेन्सिल, दप्तराचा पट्टा सतत चावीत असे. एकदा पाठशाळेत सर्वांदेखत मी त्याच्या तोंडातून कॉलर ओढली आणि त्याला घाणेरडा म्हटले. त्या दिवसापासून त्याने पाठशाळेत येणेच सोडले.

पुढे एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट भगिनींनी आमचे डोळे उघडले. तान्हे बाळ सर्व काही तोंडात घालते, ते स्वाभाविकच. परंतु मोठेपणीही काही मुलांना जबड्यावरील दाबाने मन स्थिर ठेवण्यास मदत होते. गोंगाट वा गर्दीने ती बावरली की चावणे वाढते. आपले शास्त्र स्पर्शन, रसन, घ्राण, चक्षु व श्रोत्र ही पाच इंद्रिये सांगते. स्नायू व सांध्यांतूनही मेंदूला शरीराची जाणीव पोहोचत असते. या सर्व संवेदनांच्या मेळाचा विचार अमेरिकेतील जीन एअर्स यांनी १९७२ साली ग्रंथरूपाने मांडला. कापडाचा पोत बोटांत धरल्यावाचून मलाही भाव सांगता येत नाही. मग बालकाची ती गरज हट्ट कशी ठरते?

त्या भगिनींनी कडक खाणे देण्यास सांगितले व गाजर सुचविले. आमच्याकडे कंदमूळ वर्ज्य. म्हणून काकडी, सफरचंद, खाकरा देऊ लागलो. चावण्यासाठी सिलिकॉनची सुरक्षित वस्तू आणली. दुकानात तो कापडाचे लहान गठ्ठे उचलून ठेवतो. चावणे थांबले नाही, कमी झाले. प्रत्येक मुलाला हेच लागू पडेल असे नाही. मात्र मूल माती, खडू, कागद गिळत असेल, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. रक्तातील लोहाची कमतरताही त्यामागे असू शकते.

गेल्या संवत्सरीला मी नातवापुढे हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. पुढच्या रविवारी तो माझे बोट धरून पाठशाळेत आला.

अनेकान्त आपण व्याख्यानात ऐकतो. तो घरातील लहानग्यासाठीही आचरावा. पन्नास वर्षांत संस्थेने भव्य वास्तू उभारली. तिच्यात अशा बालकांसाठी एक शांत कोपरा असावा, एवढीच विश्वस्तांना नम्र विनंती.

जय जिनेंद्र!