मूळव्याध: तिकीट पुढे कधी पाठवायचं?

नागपूरहून परत एकदा स्वागत. आज हेडफोन लावूनच ऐका, कारण विषय असा आहे की आपण तो घरात काढत नाही आणि ऑफिसात तर नाहीच. मूळव्याध. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. त्यामुळे औषधं सांगणार नाही. तज्ज्ञाकडे कधी जायचं, एवढंच बोलू.

आपल्याकडे भिंतीभिंतीवर लिहिलेलं असतं: मूळव्याध, भगंदर, फिशर, विना ऑपरेशन. तिन्ही एका ओळीत, म्हणून लोकांना एकच वाटतात. तसं नाहीये. मूळव्याधीत गुदद्वाराजवळच्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगतात. फिशर म्हणजे तिथे पडलेली चीर, संडासच्या वेळी कापल्यासारखं दुखतं. भगंदरात आतून बाहेर नळी तयार होते, पू येतो. आतली मूळव्याध बहुतेक वेळा दुखत नाही, फक्त लालभडक रक्त दिसतं. आणि खरी भानगड इथेच आहे: असं रक्त मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही दिसू शकतं. तपासल्याशिवाय कळत नाही.

आपल्या सपोर्ट टीमसारखंच समजा. प्रत्येक तिकीट सीनियरकडे जात नाही. आतल्या मूळव्याधीच्या चार पायऱ्या असतात. पहिलीत कोंब आतच असतो. दुसरीत कुंथताना बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. या दोन्हींत बरेचदा फॅमिली डॉक्टरच पुरतात: पालेभाज्या, कोशिंबीर, इसबगोल, भरपूर पाणी, कोमट पाण्यात बसणं. आणि हो, संडासात मोबाईल न्यायचा नाही! रील बघत वीस मिनिटं बसलं की तिथल्या शिरांवर ताण येतो.

आता तिकीट पुढे कधी पाठवायचं?

एक, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं काही आठवडे नीट करूनही रक्त थांबत नसेल तर. बऱ्याच जणांना तेव्हाही ऑपरेशन लागत नाही. सर्जन कोंबाच्या मुळाशी रबर बँड बसवतात आणि तो गळून पडतो.

दोन, कोंब बोटाने आत ढकलावा लागतो, किंवा ढकलूनही जात नाही. ही तिसरी-चौथी पायरी, इथे सर्जनच पाहिजे.

तीन, अचानक निळसर, टणक गाठ आली आणि बसताही येत नाही. लगेच दाखवा. गाठ कापून काढायची असेल, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त फायदा होतो.

चार, रक्त थांबतच नाही, चक्कर येते, संडास डांबरासारखी काळी होते, किंवा दुखण्यासोबत ताप आहे. मग ओपीडीची वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सी.

पाच, रक्तासोबत वजन घटतंय, हिमोग्लोबिन कमी आलंय, संडासची सवय बदललीय, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता, किंवा वय चाळीस-पन्नाशीच्या पुढे आहे. तेव्हा "कोलोनोस्कोपी करायची का?" हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

कुठे जायचं? मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे सर्जरी विभाग आहे. तपासणी बहुधा काही मिनिटांचीच असते. आणि पायरीप्रमाणे उपचार ही काही इंग्रजी डॉक्टरांची टूम नाही. सुश्रुतसंहितेतही मूळव्याधीवर औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितलेत. म्हणजे शस्त्र होतंच, पण सरसकट सगळ्यांना नाही.

जाताना तीन गोष्टी मोबाईलमध्ये लिहून न्या: रक्त कधीपासून, किती, आणि कोंब आपोआप आत जातो की नाही. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर तेही सांगा. लाज वाटली तर सरळ स्क्रीनच दाखवा.

शेवटचं. "माझी जुनीच मूळव्याध आहे रे" म्हणत वर्षानुवर्षं मलम लावणारे बाबा किंवा काकू प्रत्येक घरात असतात. हा एपिसोड त्यांना पाठवा. त्याहून चांगलं म्हणजे, अपॉइंटमेंट घ्या आणि स्वतः सोबत जा. भेटू पुढच्या भागात!