बिघाड झडपेचा, मलम कातडीला
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा गोषवारा)



कापसाच्या मेळाव्यात पायाच्या शिरांचे भाषण कशाला, असे काहींना वाटेल. पण वेचणीनंतरच्या बैठकांत आम्हाला हेच ऐकू येते : पाय भरून येतात, शिरा फुगल्या, घोट्यावरची जखम भरतच नाही. मजुरी बुडते, मलमांवर पैसा जातो. तेव्हा याचाही हिशेब आपण मांडू.

विहिरीवरच्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह गळू लागला की पाइपातले पाणी परत विहिरीत उतरते. पायाचे तसेच आहे. पाऊल टाकले की पोटरी आवळते आणि शिरेतले रक्त वर चढते. ते खाली येऊ नये म्हणून शिरेत जागोजाग एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. झडप निकामी झाली की रक्त खाली तुंबते, शीर ताणते आणि दोरखंडासारखी वेडीवाकडी वर येते. डॉक्टर त्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात.

झडपा का बिघडतात? आईवडिलांना त्रास असेल तर मुलांना होण्याचा संभव जास्त. त्यात वाढते वय, बायकांची गरोदरपणे, जादा वजन, पूर्वी पायात झालेली रक्ताची गुठळी यांची भर पडते. तासन्‌तास एका जागी उभे राहण्याच्या कामानेही त्रास वाढतो. चालण्याने मात्र तो होत नाही. चालणे म्हणजे पोटरीचा पंप चालू ठेवणे. अंगातल्या उष्णतेने शिरा फुगतात, हा समज खोटा.

कातडीत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल-निळ्या बारीक रेषा दिसतात, त्या बहुधा निरुपद्रवी असतात. त्यांच्यावरचा खर्च मुख्यतः दिसण्यासाठी. त्यासाठी कर्ज काढू नका.

फुगलेल्या शिरेचे तसे नाही. आधी संध्याकाळी पाय जड होतो, घोटा सुजतो, खाज सुटते. मग घोट्याजवळची कातडी काळवंडते, कडक होते आणि एखाद्या ओरखड्याची जखम होऊन बसते. वरून कितीही मलम लावा, आत रक्ताचा दाब कायम असतो. फूट व्हॉल्व्ह गळत असताना पाइपाला रंग देण्यातला हा प्रकार आहे!

मग करायचे काय? विसाव्याला पाय छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवून पडा. उभ्याच्या कामात अधूनमधून चाला, टाचा उचला. दाब देणारे मोजे किंवा पट्टी यांनी सूज आणि ठणका कमी होतो, जखम भरायला मदत होते. पण झडप दुरुस्त होत नाही. मधुमेह असेल किंवा चालताना पोटरीत गोळे येत असतील, तर पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय घट्ट पट्टी बांधू नका.

नेमकी कोणती शीर बिघडली हे डॉपलर सोनोग्राफीत कळते. मग ती लेझरने किंवा रेडिओ लहरींच्या उष्णतेने आतून बंद करतात, फेसाचे इंजेक्शन देतात, नाहीतर शस्त्रक्रियेने काढतात. शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून, असे बाया विचारतात. खोलवरच्या चांगल्या शिरा ते काम करतात. पुढे दुसरी शीर फुगू शकते, हेही खरे.

जखम भरेपर्यंत शिरेवरचा उपचार थांबवावा काय? ब्रिटनमधील 450 रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2018 साली आले. सगळ्यांना पट्टी होतीच. ज्यांच्या शिरेवर लगेच उपचार झाला त्यांची जखम भरायला साधारण 56 दिवस लागले. उपचार लांबलेल्यांना 82 दिवस. म्हणजे जवळजवळ चार आठवड्यांचा फरक. रोजंदारीवर जगणाऱ्याला चार आठवडे म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको.

दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले तर लगेच आडवे पडा, पाय वर धरा, स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे घट्ट दाबा आणि मग दवाखाना गाठा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा; गुठळी असू शकते. सोबत धाप लागली तर क्षणभरही थांबू नका.

शेवटी कामाचे. घोट्यावरची जखम दोन आठवड्यांत भरली नाही, अशा माणसांची यादी प्रत्येक गावाने करावी. त्यांना एकेकटे न पाठवता मिळून जिल्हा रुग्णालयात न्यावे. डॉपलर तपासणी मागावी आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते आरोग्यमित्राकडून विचारून घ्यावे. पुढच्या बैठकीला या याद्या घेऊन या.