कॉलेजातील मुले आणि स्वतःची ओळख
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो ‘विद्यार्थ्यांचे आत्मज्ञान’. आत्मज्ञान म्हटले की आपल्या जिल्ह्यात जांबेचे समर्थ आठवतात, आणि त्या वाटेने बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी बोलणार ती गोष्ट पुष्कळ खालच्या पायरीची आहे. आपल्याला काय जमते, कशाचा कंटाळा येतो, कोणापुढे आपण उगाच दबतो, एवढे तरी वीस वर्षांच्या मुलामुलीला स्वतःविषयी ठाऊक असावे की नाही?

पूर्वी आपल्या भागातली कॉलेजे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली असत. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. आज त्याच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. आता अंबड, परतूर, भोकरदन येथेही कॉलेजे आहेत. मुलींच्या दृष्टीने हे फार मोठे काम झाले. पण घरून डबा घेऊन जाणारी मुलगी संध्याकाळी पुन्हा त्याच ओट्यावर येते, आणि तिची शाखा, तिचे स्थळ, तिचा स्वभावसुद्धा आपण घरचेच ठरवून मोकळे होतो. “आमची पहिल्यापासून अबोल,” असे तिच्यादेखत पाहुण्यांना सांगतो. ती बिचारी अबोलच राहते.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने म्हटले आहे की, ‘मी कोण’ हा या वयाचा मुख्य प्रश्न आहे, आणि तो सोडवायला तरुणांना थोडी मुदत द्यावी लागते. जेम्स मार्शिया यांनी १९६६ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. कॉलेजातील काही मुलगे त्यांना असे आढळले की ज्यांचे सगळे ठरलेले, मनात गोंधळ मुळीच नाही. परंतु ते ठरवले होते वडीलधाऱ्यांनी, यांनी स्वतः काही चाचपून पाहिलेच नव्हते. वरवर अशी मुले फार गुणी दिसतात! (त्या अभ्यासात मुलींना कोणी विचारले नव्हते, हेही सांगून ठेवते. पुढे त्यांच्याविषयीही अभ्यास झाले.) म्हणून मुलगा शाखा बदलायची म्हणतो किंवा मुलगी “मला अजून ठरवता येत नाही” म्हणते, तेव्हा लगेच डोक्याला हात लावू नये. ठरवण्याचे काम तिथे सुरू झालेले असते.

आता स्वतःची ओळख होते कशी? एकट्याने डोळे मिटून बसून फार थोडी होते. १९५५ साली जोसेफ लुफ्ट आणि हॅरी इंगहॅम या दोघांनी आपल्या नावांची अक्षरे जोडून ‘जोहारी खिडकी’ मांडली. तिला चार तावदाने. एक सर्वांना दिसते, एक आपण झाकून ठेवतो, एक कोणालाच माहीत नसते. मला महत्त्वाचे वाटते ते चौथे: दुसऱ्यांना दिसते पण आपल्याला दिसत नाही असे. ते उघडायला सांगणारे माणूस लागते, आणि सांगण्याची रीतही लागते. जेवताना सर्वांसमक्ष “तुला कधी वेळेचे भान आहे का?” असे टाकून बोलले, तर ते तावदान उघडत नाही, आतून कडी लागते. तेच एकटीला गाठून “काल तू मैत्रिणीला तासभर ताटकळत ठेवलेस” एवढे घडलेले सांगितले, तर ती निदान ऐकते.

दुसरी गोष्ट कामाची. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्या शिबिरात मुले सात दिवस एखाद्या गावी राहतात. घरी एक भाजी नीट न निवडणारी मुलगी तिथे पन्नास माणसांच्या शिध्याचा हिशेब ठेवते, आणि आपल्याला हे जमते हे तिला प्रथमच कळते. ती माहिती कोणत्याही पुस्तकात मिळाली नसती.

मात्र आत्मपरीक्षण आणि कुढणे यांत फरक आहे. “मी अशी का?” हे रात्रभर दळत बसले तर पीठ काही पडत नाही. “आज मला राग कशाने आला, मग मी काय केले?” असे चार ओळी वहीत लिहिले तर हाती काही लागते. ती वही आपण चोरून वाचू नये; एकदा वाचली की मूल पुढे आपल्यासाठी लिहू लागते, स्वतःसाठी नव्हे. पण झोप उडाली, जेवण तुटले, बोलणे बंद झाले, आणि हे आठवडेच्या आठवडे चालले, तर त्याला वयाचा दोष म्हणून सोडू नका. डॉक्टरांकडे न्या. शासनाची ‘टेलीमानस’ ही फोनसेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

शिबिराच्या संमतिपत्रावर सही मागायला मुली येतील, तेव्हा “तिथे झोपायची सोय काय?” हे जरूर विचारा, तो आपला हक्कच आहे. सोय नीट असेल तर सही करा, आणि ती परत आली की कपडे धुवायला टाकण्याआधी तिला थोडे बोलू द्या.