उत्तरे जुळवताना

(विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



शिष्यवृत्ती परीक्षेला बसलेली आपली मुले आज समोर बसली आहेत. त्यांचे कौतुक सर्वांनी केलेच आहे. आम्ही एका छोट्याशा सवयीविषयी बोलणार आहोत. गणिताचा पेपर सुटला की फाटकाजवळ घोळका जमतो. "चौदाव्याचे काय आले?" "पर्याय तीन." "माझा तर दोन!" आणि एखाद्याचा चेहरा तिथेच उतरतो.

या परीक्षेचे दोन पेपर एकाच दिवशी होतात. पहिल्यात प्रथम भाषा व गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपर 150 गुणांचा. त्यात एकट्या गणिताचे 100. मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून उत्तरे जुळवली, तर पहिल्या पेपरातला एक गुणही वाढत नाही. पुढचे 150 मात्र धोक्यात येतात. शिवाय प्रश्नपत्रिकेचे ए, बी, सी, डी असे संच असतात. एकाचा चौदावा प्रश्न दुसऱ्याच्या संचात भलत्याच क्रमांकावर असतो. वरच्या वर्गाच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय अचूक असतात, म्हणजे भांडणारे दोघेही अर्धे बरोबर असू शकतात!

पण आमची खरी काळजी वेगळी आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हिशोब तपासून देणारे कोणी नाही. त्यामुळे महागड्या क्लासला जाणाऱ्या मुलाचे उत्तर बरोबर असणारच, असे आपले मूल धरून चालते. समजा प्रश्न असा आहे : 500 रुपयांच्या वस्तूची किंमत 20 टक्क्यांनी वाढवली आणि नंतर 20 टक्क्यांनी कमी केली, तर आता किंमत किती? घोळक्यातली चार मुले ठासून म्हणतील, "500!" एखादी मुलगी हळूच म्हणेल, "480." वाढीनंतर किंमत 600 झाली, त्याचे 20 टक्के 120, म्हणून उरले 480. तिचेच बरोबर आहे. तरीही चौघांचा आवाज ऐकून ती गप्प बसते. दोन गुण तर तिला मिळतील. पण आपल्या बुद्धीवरचा तिचा विश्वास गेला, तर तो कोणती शिष्यवृत्ती भरून देणार?

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर आम्ही मतदान घेत नाही, चूक शोधतो. फरकाला 9 ने पूर्ण भाग गेला, तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी, असा पहिला संशय घेतो. 742 च्या जागी 724 लिहिले, तर फरक 18 येतो. म्हणजे चुकीलाही तिचा माग असतो. विद्यार्थ्यांनीही उत्तरे जरूर जुळवावीत. पण दोन्ही पेपर झाल्यावर, घरी, कागद-पेन्सिल घेऊन. "किती आले?" याऐवजी "कसे आले?" असे विचारावे. चूक चार प्रकारची असू शकते : रीत समजली नाही, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, किंवा उत्तरपत्रिकेत भलताच गोल रंगवला. प्रत्येकीचे औषध निराळे आहे.

परीक्षा परिषदसुद्धा आधी अंतरिम उत्तरसूची जाहीर करते, आक्षेप मागवते आणि मगच अंतिम सूची काढते. परिषद आपली उत्तरे पुन्हा तपासते, तर घोळक्यातला शब्द अंतिम कसा मानायचा?

तथागतांनी केसपुत्त गावी कालामांना हीच दिशा दाखवली. ऐकीव आहे, परंपरेचे आहे किंवा सांगणारा मोठा आहे एवढ्यावरून स्वीकारू नका; स्वतः पारखून घ्या. हा उपदेश वंदनेपुरता नाही, तो गणिताच्या वहीतही लागू पडतो.

1907 साली बाबासाहेब मॅट्रिक उत्तीर्ण झाले. त्यांच्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. गुणांची बेरीज त्या दिवशीच संपली. त्या पुस्तकाची सोबत मात्र पुढे फार लांब गेली.

म्हणून पालकांना एक विनंती. पेपर देऊन आलेल्या मुलाला दारातच "किती सुटले?" असे विचारू नका. आधी पाणी द्या, जेवू घाला. मग सावकाश म्हणा, "एखादे गणित मला समजावून सांग." तुम्हाला ते गणित आले नाही तरी चालेल. ज्याला समजावून सांगता येते, त्याला आपले उत्तर कोणाशी जुळवण्याची फारशी गरज उरत नाही.

सर्व विद्यार्थ्यांना मंगल कामना. जयभीम, नमो बुद्धाय!