मोटारीचा अदृश्य डोळा

किल्लारीचें नांव घेतलें कीं ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. औसा तालुक्यांतील या गांवीं आणि आसपासच्या खेड्यांत दगडी भिंतींचीं जाडजूड घरें कोसळलीं व हजारों माणसें गाडलीं गेलीं. दगड भक्कम होता. मातींत रचलेला सांधा कच्चा होता. वस्तु चांगली असून नीट बसविलेली नसली म्हणजे काय होतें, तें त्या पहाटेनें दाखविलें. आजच्या मोटारीच्या एका लहानशा भागासहि तोच धडा लागू पडतो.

मोटारीची गति एकसारखी राखण्याची युक्ति राल्फ टीटर या अंध अमेरिकन एंजिनियरानें शोधिली. १९५८ सालीं ती क्रायस्लरच्या गाड्यांत आली. १९९९ मध्यें मर्सिडीझनें तिला रडारची जोड दिली, आणि गाडी पुढच्या वाहनापासूनचें अंतरहि राखूं लागली. २०२१ सालीं बाजारांत आलेल्या, चाकणच्या महिंद्र एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या प्रतींतहि ही सोय होती.

हें रडार बहुधा पुढच्या जाळीमागें किंवा बंपरमागें असतें. तें काढतांना प्रथम बॅटरीचें ऋण टोक सोडावें. मग बंपर उतरवून जोडणीचा खटका दाबावा. तार ओढूं नये. धरून ठेवणारे स्क्रू तेवढेच सोडावे. रोख ठरविणाऱ्या स्क्रूस हात लावूं नये. वाकलेला कोन ठोकून सरळ करण्यापेक्षां नवा घालावा. नवें रडार त्या गाडीच्या संगणकाशीं जुळवून घ्यावें लागतें.

खरें काम येथूनच सुरू होतें. सपाट जमीन, चाकांत योग्य हवा, आणि कंपनीनें सांगितलेल्या अंतरावर उभें केलेलें लक्ष्य, यांच्या साह्यानें रडारचा रोख तपासावा लागतो. कांहीं गाड्यांत ही तपासणी रस्त्यावर चालवून होते. रोख अवघा एक अंश चुकला तर १०० मीटरवर नजर पावणेदोन मीटर सरकते. म्हणजे साडेतीन मीटर रुंदीच्या मार्गिकेची अर्धी रुंदी! मग शेजारच्या वाहनासाठीं गाडी विनाकारण थबकते, आणि समोरचें वाहन मात्र नजरेआड राहूं शकतें.

गळिताच्या दिवसांत लातूर-किल्लारीच्या बाजूस उसानें लादलेल्या ट्रॉल्या रात्रीं रस्त्यावर असतात. एखादी मागच्या दिव्यावांचून कडेला उभीहि असते. थांबलेलें वाहन ओळखण्यांत अशीं पुष्कळ यंत्रें नीट बसविलेलीं असतांनाहि चुकतात. मग तिरप्या बसलेल्याची गोष्ट काय? म्हणून किरकोळ धक्क्यानंतर बंपर रंगवून आला, एवढ्यावर मालकानें समाधान मानूं नये. रोख तपासला कीं नाहीं, हें विचारावें, आणि तपासला नसल्यास ती सोय बंद ठेवावी.

भिंतीचा सांधा गिलाव्याखालीं दिसत नाहीं. रडारचा तिरपेपणा बंपरमागें दिसत नाहीं. न दिसणाऱ्या जागीं केलेलें प्रामाणिक काम हेंच उद्यांच्या जिवाचें रक्षण होय.