मूठ वळेना तेव्हा

सकाळी मूठ वळत नाही, बादलीची कडी धरवत नाही, ही तक्रार नागपुरात २००६ साली आणि पुन्हा २०२४ साली पुष्कळ घरांतून ऐकू आली. चिकुनगुन्याचा ताप आठवड्यात उतरतो. मनगटे नि बोटांची पेरे मात्र महिनोन् महिने धरून राहतात. हे नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतले. अर्थ, वाकवून टाकणारा. नाव ठेवणाऱ्याने दुखणे भोगलेच असावे!

अशा हाताला अगदी बांधून ठेवू नका, अन् लगेच कापूस वेचायलाही जुंपू नका. कोमट पाण्यात बोटे हळूहळू मिटावी, उघडावी. खुरप्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळाव्या. जाड मूठ धरायला जोर कमी लागतो. गुरुजी, खडूलाही हाच उपाय.

पण दोन्ही मनगटांची सूज सहा आठवडे हटली नाही, सकाळी तासभर हात आखडून राहिले, तर 'तापाचेच उरले आहे' म्हणून बसू नका. तो आमवात असू शकतो. औषध लवकर सुरू झाले तर सांधे वाचतात. वाकडी झालेली बोटे मग गोळ्यांनी सरळ होत नाहीत. मेडिकलमध्ये किंवा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. कुणाच्या बिननावाच्या पुडीने दोन दिवसांत आराम पडला असेल, तर तीत स्टेरॉइड असण्याचा संभव आहे. पुष्कळ दिवस घेतलेली पुडी एकदम बंद करू नका. ती बरोबर नेऊन डॉक्टरांना दाखवा.